अर्ध्यावर थांबलेलं रडणं

विदर्भात जाऊन आले म्हटलं की पुण्याचा माणूस आधी ऊन विचारतो. डिसेंबरात गेले होते, स्वेटर अंगातून काढायची सोय नव्हती, असं सांगितलं की बिचाऱ्याचा हिरमोड होतो. मग दुसरा प्रश्न येतो, तिथं बघण्यासारखं काय आहे? ह्याचं उत्तर मी अजून कुणालाच धड दिलेलं नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात माझ्या आईला बघायला गेले होते.

म्हणजे कोथरूडच्या नव्हे. कोथरूडची आई रोज सकाळी फोन करून आज भाजी कोणती, हे विचारते आणि काहीही सांगितलं तरी "बरं" म्हणते. मी गेले होते ते जन्म दिलेल्या आईकडे. तिचं नाव सकरी. बंजारा समाजाची, फुलसावंगीजवळच्या एका तांड्यावरची. तांडा म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती. माझे बाबा तरुणपणी नोकरीनिमित्त पुसदला होते, एका कालव्याच्या कामावर देखरेख करायला. सकरी तिथं मातीकामाला होती. आई-बाबांना मूल नव्हतं. दोघं गेले होते, पुण्याला बदली झाली तेव्हा तिघं होऊन परतले. मी तेव्हा नुकती चालायला लागले होते म्हणे.

आमच्या घरी हे कधी लपवलेलं नाही, हे मान्य करायला हवं. लपवणार तरी कसं? घरात सगळे गोरे, घारे, लांबट नाकाचे, आणि मध्ये मी सावळी, रुंद कपाळाची. लग्नकार्यात नवखी बाई माझ्या हातात खरकटी ताटं द्यायची आणि आई धावत येऊन "अहो, ही माझी मुलगी" म्हणायची. मग ती बाई ओशाळून म्हणायची, "किती नशीबवान गं तू." हा नशीबवान शब्द मी इतका ऐकलाय की मला आता त्याचा राग येतो. उघडच सांगते. ज्याला नशीबवान म्हणतात त्याला साधं तोंड वाकडं करायचीही परवानगी नसते.

दत्तक गेलेल्या मोठ्या माणसांचा आमचा एक ग्रुप आहे फोनवर. त्यातले बरेचसे युरोपात वाढलेले. चेहरा आपल्याकडचा, नाव तिकडचं. त्यातली एक डेन्मार्कची इन्ग्रिड, जन्म सोलापूरकडचा, मला म्हणाली होती, "तू जाच. तुझं बरं आहे, तुला दुभाषा लागणार नाही." मलाही तसंच वाटत होतं. मी शाळेत मराठी शिकवते. व्याकरण माझ्या हाती.

आणि व्याकरणाचाच प्रश्न होता. आई कायम एकच वाक्य सांगत आली, "सकरीनं तुला माझ्या ओटीत घातलं." वाक्य गोड आहे. कर्ता सकरी. पण मला लहानपणापासून एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, की खरंच कर्ता तीच होती का? तिनं आपणहून घातलं, की साहेबाच्या बायकोनं पदर पसरला आणि मातीकामावरच्या बाईला नाही म्हणता आलं नाही? मला फक्त एवढंच तिच्या तोंडून ऐकायचं होतं. बाबा गेल्यावर आईला हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही, म्हणून म्हटलं उगमाशीच जावं.

पुसद

ट्रॅव्हल्सच्या गाडीतली रात्र सांगत बसत नाही. सकाळी पुसदला उतरले तेव्हा अंग आंबून गेलं होतं. लॉजच्या खाली एकाच्या गाडीवर पोहे मिळत होते आणि पोह्यांवर तो माणूस लाल तर्री ओतत होता. पोह्यांवर रस्सा! पुण्यात कुणी असं केलं तर त्याला वाळीत टाकतील. मी नाक मुरडत घेतले आणि दुसरी प्लेट मागितली.

तांड्यावर जायला जब्बारभाई नावाच्या ड्रायव्हरची जीप दुपारची ठरली होती, म्हणून बाजारात हिंडले. गावाभोवती डोंगर, त्यांच्यावर पानं झडत आलेले साग. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग. भाजीवालीपाशी वाकून मी मेथी बघत होते, तर तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि घडाघडा काहीतरी बोलली. मला एक अक्षर कळलं नाही.

"मला समजत नाही हो," मी म्हटलं.

ती हसायलाच लागली. "तांड्याची दिसतं, अन् बोली काहून नाई येत व तुले?"

मी तिथून जुडी घेऊन निघाले. लॉजवर मेथीचं काय करणार होते देव जाणे. पण खरं सांगते, मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या चेहऱ्याकडे बघून मला बरोबर ओळखलं होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला भाषा येत नव्हती. दोन्ही एकाच क्षणी झालं, त्यामुळे आनंद धड करता आला नाही.

फुलसावंगीच्या वाटेवर

महागाव मागं पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस. वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढे सरकत होत्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडालेला कापूस बाभळींना लटकला होता. जब्बारभाईंनी विचारलं, "मॅडम, कोनाच्या घरी?"

"आईच्या," मी म्हटलं.

त्यांनी आरशातून माझ्याकडे, मग माझ्या बॅगेकडे पाहिलं. "मायके का? बढिया," म्हणाले आणि टेपचा आवाज कमी केला.

बॅगेत एक साडी होती. ती सहावारी घ्यायची की नऊवारी, ह्यावर आईशी दुकानात चांगलाच वाद झाला होता. मी विचारलं होतं, "अगं, तू पाहिलंयस ना तिला? काय नेसायची ती?" आई खूप वेळ विचार करून म्हणाली, "नाही गं आठवत. कामावरचीच होती ना." शेवटी सहावारी इरकल घेतली, जांभळी. तांड्यात पाऊल टाकलं तेव्हा कळलं की म्हाताऱ्या बायका साडी नेसतच नाहीत. आरशांच्या भरतकामाचा घागरा, ज्याला त्या फेटिया म्हणतात, वर काचोळी आणि कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. हे ज्या बाईला विसरायला झालं तिची कमालच म्हणायची. मला आईचा राग आला आणि लगेच त्या रागाचं वाईटही वाटलं.

तांडा

ललिता वेशीपाशीच उभी होती. ही माझी धाकटी बहीण, माझ्यानंतर झालेली, घरीच राहिलेली. तांड्यातच सासर, शिलाईचं मशीन आहे. पुसदच्या एका शिक्षिका मैत्रिणीनं चौकशी करून तिचा नंबर मिळवून दिला होता. मी फोनवर घाबरत विचारलं होतं, आले तर चालेल का? तर ती म्हणाली होती, "ये ना व. काहून इचारून राह्यली?" तिचा चेहरा बघून मी थबकले. माझंच कपाळ, माझ्याच भुवया. असं कुणाला बघायची मला सवय नाही.

"याडी आतमंधी आहे," ती म्हणाली. याडी म्हणजे आई, एवढं मला ठाऊक होतं.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. अंगणात बायका जमल्या होत्या. दारातून एक बारीक, वाळलेली म्हातारी आली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. सरळ चालत आली, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले, डोकं खांद्यावर ठेवलं आणि रडायला लागली. पण हे आपल्याकडचं रडणं नव्हे. मोठ्यानं, लांब सुरात, चालीवर. एक ओळ वर चढायची, शेवटी श्वास तुटायचा, की पुढची ओळ. त्यात शब्द होते, पुष्कळ शब्द. मला मध्ये मध्ये "पुनी, पुनी" एवढं ऐकू येत होतं आणि मला वाटलं ती पुण्याला शिव्या देतेय.

आमच्या घरी रडायचं कसं, तेही सांगायला हवं. बाबा गेले तेव्हा आई बाथरूमचा नळ सोडून रडली. बाहेर आली ती तोंड धुऊन, आणि आलेल्यांना चहा विचारला. आम्ही असेच. समोर कुणी रडलं तर आमचं एकच काम, त्याचं रडणं थांबवणं. त्याला आम्ही माया म्हणतो.

म्हातारीचा श्वास लागत होता. अंग थरथरत होतं. बायका नुसत्या उभ्या होत्या, कुणी पुढे येईना. मला भीती वाटली, हिला काही झालं तर? मी तिच्या पाठीवर थोपटलं, तिचे हात हळूच गळ्यातून सोडवले आणि म्हटलं, "असं करू नका. शांत व्हा. रडू नका. ललिता, पाणी आण गं. हं, पाणी घ्या बघू."

ती थांबली. एकदम, ओळीच्या मधेच. ओढणीनं तोंड पुसलं, ललितानं दिलेला पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, वर्गातल्या शहाण्या मुलीसारखं. अंगणातली एक बाई वळून घरी निघून गेली.

"बसा बाई," सकरी मला म्हणाली. "च्या घ्या."

मला वाटलं, चला, मी सगळं छान निभावलं.

चहा झाला. ज्वारीची भाकरी, तिला तिथं बाटी म्हणतात, आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी झाली, इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्या बायका हसल्या. इरकल साडी सकरीनं कपाळाला लावून ललिताकडे दिली. मग मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि ज्यासाठी आले होते ते विचारलं. शुद्ध, सोप्या मराठीत. "तुम्ही मला आपणहून दिलंत, की त्यांनी मागितलं?"

ललितानं त्यांच्या बोलीत सांगितलं. सकरी ऐकत होती. मग मला मराठीत म्हणाली, "बरं झालं बाई. पोरीचं सोनं झालं."

"पण तुमच्या मनात काय होतं?"

"सायब लय चांगले होते. बाईसायबबी चांगल्या." आणि पुन्हा, "सोनं झालं."

इथंही नशीबवानच. एवढ्या लांब येऊन मी तोच शब्द घेऊन बसले. रागानं माझे कान तापले. मनात म्हटलं, ह्या बाईला काही वाटतच नसेल. तेव्हा मी हे असं म्हटलं होतं मनात, आणि आज ते लिहिताना हात जड होतो.

तुरीच्या वावरात

दुसऱ्या दिवशी सकाळी ललिता मला शेंगा तोडायला घेऊन गेली. तुरी डोक्याच्या वर गेलेल्या, धुकं नुकतं उठलेलं. शेंगा तोडता तोडता मी तिच्यापाशी तक्रार केली, की तुझी आई काही बोलतच नाही.

ललिता थांबली. "ती बोलूनच तं राह्यली होती. तू बोलू कुठं देल्लं?"

"म्हणजे?"

"आमच्यात बाया लय दिसानं भेटल्या का असंच गळ्यात पडून रडतात. लग्नात नवरी रडते त्याले ढावलो म्हणतात, हेबी तसंच. रडता रडता सांगतात. काय झालं, कसं झालं, कोन मेलं, कोन तरलं, सारं. एकीचं झालं का दुसरीनं सांगाचं. मधात कोनी थांबवत नाई व. पाणी तं कोनीच नाई देत."

मी हातातल्या शेंगा टोपलीत टाकायच्या सोडून तशीच उभी राहिले. "काय सांगत होती ती?"

ललितानं आठवून आठवून सांगितलं. "म्हने, पुनी, माह्ये पुनी. पुनवेले झालती म्हून तुहं नाव पुनी. म्हने, पाटाच्या कामावर झाडाले तुहा झोका बांधे. बाईसायब येऊन बसे, तुले खाऊ देये, मांडीवर घेये. म्हने, त्या रोजी मी पान्याले गेलती. हंडा घेऊन आली, तं—"

"तर काय?"

"तं तू म्हनलं, रडू नका."

वावरात पाखरं ओरडत होती, दूर कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता. मी ललिताचा हात धरला. "मग पुढचं तू सांग ना. तुला माहीत असेल."

"मले कसं माईत? मी जन्मलीच नोती." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "याडी असं बोलून काई सांगत नाई. इतक्या वर्सात मले तरी कुठं सांगतलं? मी इचारलं का म्हने, सोनं झालं पोरीचं. मीबी पयल्यांदाच आयकत होती काल. साऱ्या बाया आयकत होत्या."

म्हणजे नुसतं माझंच नव्हे, ललिताचंही मी हिरावून घेतलं होतं. तिनं मला तसं बोलून दाखवलं नाही, शेंगा तोडत राहिली. मला तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी केलं ते हास्यास्पद होतं. सकरी चुलीपाशी होती. मी तिला म्हटलं, "काल जे सांगत होता ना, ते पुढचं सांगा. मी मधे बोलणार नाही." आपलं रडणं पुन्हा करा, असं मी एका म्हाताऱ्या बाईला सांगत होते, वर्गात कविता पुन्हा म्हणायला लावावी तसं.

तिनं फुंकणी खाली ठेवली. "ते का असं म्हनल्यानं येते बाई?" म्हणाली. रागावली नव्हती. मी काहीतरी अशक्य मागितलंय आणि मला ते कळत नाही, म्हणून तिलाच माझी कीव आली असावी.

ललितानं मला बाजूला घेऊन धीर दिला. "निंगतांना रडंल पाह्य. पोरगी निंगाली का माय रडतेच. तवा चूप राह्यजो फक्त."

निघताना

जब्बारभाई दुपारी आले. मी काय केलं असेल? फोनमध्ये आवाज टिपायचं चालू करून तो पर्समध्ये ठेवला, चेन उघडी. मला शब्द कळणार नव्हते, पण ललिताकडून नंतर समजून घेतले असते, पुन्हा पुन्हा ऐकले असते. मला लाज वाटत होती आणि तरीही मी ते केलं.

सकरी जीपपर्यंत आली. शेंगांनी भरलेली पिशवी तिनं मागच्या सीटवर ठेवली. मी तिच्यासमोर उभी राहिले, मान वाकवली आणि या वेळी मीच तिच्या गळ्यात हात टाकले. तिच्या बांगड्या माझ्या छातीला टोचत होत्या. मी वाट बघत राहिले. एकदा वाटलं, आपणच सुरुवात करावी. पण काय म्हणणार? मराठीची शिक्षिका मी, मला एक ओळ सुचली नाही. नुसतं "याडी" म्हटलं, तेही माझं मलाच उसनं वाटलं.

तिनं माझी पाठ थोपटली. मग मला हलकेच दूर केलं आणि चांगल्या स्पष्ट मराठीत, जशी ती साहेबलोकांशी बोलत असेल तशी, म्हणाली, "या बाई. सुखानं जा. बाईसायबले माहा रामराम सांगजा."

मी ललिताकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मुलीला "ये" म्हणतात. "या" पाहुण्यांना.

जीप निघाली. जब्बारभाईंनी पुष्कळ वेळ टेप लावला नाही.

पुणे

पोचले तेव्हा आईनं गरम पाणी काढून ठेवलं होतं. शेंगा बघून खूश झाली, लगेच मीठ घालून उकडायला लावल्या. मग ओट्याला टेकून विचारलं, "कशी आहे गं ती? काय म्हणाली?"

"तुला रामराम सांगितलाय."

"आणखी?"

"आणखी काही बोलली नाही."

आई शेंगा ढवळत राहिली. तिला बरं वाटलं असावं, असं मला तिच्या खांद्यांवरून वाटलं. मी विचारायचं नाही असं गाडीत ठरवून आले होते. तरी तोंडून गेलंच. "आई, मला आणलंत त्या दिवशी ती काही बोलली होती?"

"नाही गं. बोलली काहीच नाही," आई म्हणाली. झाकण ठेवलं. गॅस बारीक केला. मग म्हणाली, "रडत होती. गाण्यासारखं, मोठमोठ्यानं. माझ्या गळ्यातच पडली होती. बराच वेळ चाललं होतं. मग ह्यांनी गाडी सुरू केली."

मी शेंगांची रिकामी पिशवी घडी घालून ठेवली.

"आम्हाला वाटलं," आई म्हणाली, "त्यांच्यात तशी रीत असेल."